सोनाळ्याच्या आभाळातला भोपळा

"तू नोकरीत नेमकं काय करायचीस?" असं कॉलेजात कोणी विचारलं की माझ्या तोंडून आधी "फुगा उडवायचं काम" असंच निघतं. समोरचा हसतो. मग मी दुरुस्ती करते, "म्हणजे फुगा दुसरे उडवायचे, मी त्याच्याखाली पेटीजवळ बसायचे." त्यावर तो आणखी हसतो आणि माझी पुढचं सांगायची हिंमत संपते. इथे कागदावर कोणी मध्येच हसत नाही, म्हणून सगळं सांगून पाहते.

मी डोणगावची. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी दोन वर्षं एका कंपनीत नोकरी केली आणि आता पुन्हा पदवीच्या वर्गात बसले आहे. ती कंपनी लष्करासाठी संदेशवहनाची यंत्रं बनवायची. दोन वर्षांना अनुभव म्हणावं की नाही, मला कळत नाही. पण त्या दोन वर्षांतले सोनाळ्याचे दिवस मी विसरू शकलेले नाही, आणि त्यात माझी एक चूकही आहे.

आधी काम सांगते. आम्ही वापरायचो त्या रेडिओच्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. सातपुड्याच्या दरीत बसलेला जवान आणि डोंगराच्या अलीकडे रस्त्यावर उभी असलेली जीप यांच्यात अंतर थोडंच असतं, पण एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही. ज्वारीच्या वावरात पाखरं राखायला माळा बांधतात, तो आठवा. या टोकाच्या बाईची हाक त्या टोकाला पोचत नसेल तर माळ्यावरची बाई ती ऐकते आणि पुढे ओरडते. आभाळातला रिले म्हणजे ती माळ्यावरची बाई. लष्करात हे काम विमानही करतं. आमच्या चाचणीत ते दोराने बांधलेला एक लांबट पांढरा फुगा करायचा. त्याच्या पोटाला यंत्र बांधलेलं असायचं.

एवढ्यानं भागत नाही. दरीतल्या जवानाकडे जुना सेट, जीपमध्ये नवा, आणि साहेबांच्या टेबलावर साधा टेलिफोन. तिघांची भाषा वेगळी. त्यांना एकमेकांचं समजावं म्हणून मध्ये एक दुभाषी लागतो. त्याला गेटवे म्हणतात. ती पेटी जमिनीवर, तंबूत असायची आणि तिच्याजवळ मी.

सोनाळ्याला माझी निवड झाली ती माझ्या हुशारीमुळे नव्हे. आमचे जोशी सर पुण्याचे. त्यांनी विचारलं, "तू बुलढाण्याची ना? तुला तिकडची भाषा येते." डोणगाव जिल्ह्याच्या एका टोकाला आणि सोनाळा दुसऱ्या, पण सरांच्या लेखी जिल्हा म्हणजे एकच गाव होतं. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून एकदा "मले" गेलं होतं आणि सगळे हसले होते. तेव्हापासून मी तिथे कमी बोलायचे, आणि बोललेच तर पुस्तकातलं.

आम्हाला जागा मिळाली रहीमचाचांच्या शेतात. मूग काढून रिकामा झालेला एक तुकडा होता आणि त्याच्या तीन बाजूंना त्यांचीच पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी होती. नोव्हेंबर होता. खालची बोंडं फुटलेली, वरची हिरवी. फुगा वर गेला त्या दिवशी अर्धं गाव बांधावर येऊन बसलं. कोणी म्हणालं निवडणुकीचा आहे, कोणी म्हणालं साबणाची जाहिरात. शेवटी त्याचं नाव भोपळा पडलं. मी सगळ्यांना समजावून सांगितलं, "हे संदेशांचं पुनर्प्रसारण करणारं उपकरण आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कोणाला काही कळलं नाही.

नेमका प्रश्न एकट्या रहीमचाचांनी विचारला.

"बेटा, यातून लहरी निघते?"

"हो, निघतात."

"टावरच्या लहरीनं चिमण्या गेल्या म्हणते लोक. मंग या लहरीनं बोंडअळीचं पाखरू जाईन का?"

मी "नाही" म्हणायला हवं होतं. पण एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला पटकन नाही म्हणायला जीभ रेटली नाही. मी म्हटलं, "तपासून पाहावं लागेल."

आमच्या ऑफिसात या वाक्याचा अर्थ ठरलेला होता. रजेचा अर्ज दिला की जोशी सर हेच म्हणायचे आणि रजा मिळायची नाही. चाचांना ऑफिसची सवय नव्हती. शिकलेली पोरगी तपासून पाहू म्हणते, म्हणजे तपासायचं, असं त्यांनी साधं समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः तपासायला लागले.

तपासायचं साधन त्यांच्याकडे होतं. कपाशीत कामगंध सापळे लावतात. काडीला प्लास्टिकचं नरसाळं, त्याखाली पिशवी, आणि नरसाळ्यात एक छोटी रबरी गोळी. त्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो. नर त्या वासाने येतो आणि पिशवीत पडतो. पिशवीत पतंग वाढले की समजायचं, अळी येते आहे. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळीचा विषय संपला असं सगळ्यांनी धरलं होतं. मग काही वर्षांनी गुलाबी अळी परत आली. तिची खोड अशी की ती हिरव्या बोंडाच्या आत बसते. बाहेरून बोंड टवटवीत दिसतं आणि आत सगळं खाल्लेलं असतं. त्या साली आजूबाजूच्या शेतांतले सापळे भरत होते.

चाचांचे सापळे फुगा चढल्यापासून रिकामे राहिले.

आणि इकडे आमच्या तंबूत रोज सकाळी गेटवेच्या पेटीवर बारके करडे पतंग फडफडत असायचे. दहा-पंधरा तरी. मी फडक्याने झटकायचे, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेवढेच. चौथ्या दिवशी चाचा चहा घेऊन आले आणि पेटीकडे बघतच राहिले.

"या अल्ला! वावरातलं पाखरू हे मशीन ओढून राह्यलं!"

मागून चाची आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मशीन ओढते त मले काऊन नाई ओढत? तुमालेच बरं ओढलं. दिवसभर इथंच चिकटून रायता."

"तू चूप बस. हे सायन्स हाये."

"सायन्स हाये त चार हिरवे बोंडं फोडून पाहा ना. त्याले काय लागते?"

"कायले फोडाचे? सापळे रिकामे हायेत ना!"

मी जोशी सरांकडे पाहिलं. ते "नाही" म्हणतील अशी माझी आशा होती. पण सरांचे डोळे चमकले होते. त्यांनी नोंदवही काढली आणि लिहिलं, "निरीक्षण: उपकरणाकडे कीटक आकर्षित. कारण अज्ञात." मग मला पतंग बाटलीत गोळा करायला लावले. संध्याकाळी ते यावर वेगळा शोधनिबंध लिहायचं बोलू लागले. इतक्या शिकलेल्या माणसाला अज्ञात आहे ते मला कुठून ज्ञात असणार, म्हणून मी गप्प राहिले.

गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या आळीचे चारजण येऊन म्हणाले, "मॅडम, भोपळा दोन दिवस आमच्या वावरावर न्या. आळीपाळीनं व्हाले पाह्यजे. सरकारी वस्तू एकाच्याच डोक्शावर काऊन?" चाचांनी त्यांना बांधावरूनच परतवलं. "वारा येईन तिकडं तो आपोआप झुकते. तुमच्या नशिबात असन त तुमच्याकडं झुकन."

प्रात्यक्षिकाला दोन दिवस उरले होते. प्रात्यक्षिकाला मोठे साहेब, एक कर्नल, येऊन आमची यंत्रणा ऐकणार होते. मी पेटीची एक तार घट्ट करायला पेटी उचलली, तर तिच्या चार कोपऱ्यांखाली चार रबरी बुचं. ती आमच्या सामानातली नव्हती. आमचे वामनभाऊ अमरावतीचे, फुग्याचा दोर सोडायचं आणि गुंडाळायचं यंत्र सांभाळायचे. त्यांना खडखडाट सहन व्हायचा नाही आणि जमिनीवर पडलेली कुठलीही वस्तू त्यांच्या खिशात जायची.

"वामनभाऊ, ही बुचं कुठली?"

"वावरातली. तुही पेटी लय खडखड करे ना, म्हून लावली. चूप बसली का नाई?"

"वावरात कुठे होती?"

"त्या काड्यायवर नरसाळे नाईत का, त्यायच्यात खोसले होते. आपल्याले दोराच्या खुंट्या ठोकाच्या होत्या, म्हून म्या काड्या उपटल्या. मंग लावून देल्या परत, जशाच्या तशा."

"बुचांशिवाय?"

"बुचं कायले लागते? त्यात पाणी थोडंच भराचं हाये!"

 पेटी दिवसभर चालून तापायची. त्या उबेने वास अधिकच सुटत असावा, असं मला वाटतं, खात्री नाही. पण पतंग कशावर येत होते हे आता स्पष्ट होतं. चाचांच्या सापळ्यांतल्या वासाच्या गोळ्या आमच्या पेटीखाली होत्या.

मी सरांना सांगितलं. सर "कारण अज्ञात" या शब्दांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे बघ, परवा प्रात्यक्षिक आहे. चाचा रागावून जागा रिकामी करा म्हणाले, तर फुगा डोक्यावर घेऊन कुठे जाणार आपण? झालं की सांग."

मी "बरं" म्हटलं.

माझी चूक म्हणते ती हीच. त्या "बरं"नंतर मी मनाची समजूत काढत बुचं गुपचूप सापळ्यांत परत लावली. मला वाटलं, आता पतंग सापळ्यात पडतील आणि चाचांना तेच सांगतील, मला तोंड उघडायला नको. पण वामनभाऊंनी बुचं मला काढून देताना डिझेलच्या फडक्याने चांगली पुसली होती. तापलेल्या पेटीखाली इतके दिवस राहून उरलासुरला वासही त्यात संपला असावा. दोन दिवस सापळ्यांत एकही पतंग पडला नाही, आणि आता पेटीवरही येईनासे झाले. चाचांनी गावात जाहीर केलं, "पाखरं खतम!"

प्रात्यक्षिकाच्या दिवशी कर्नलसाहेब आणि जोशी सर गावातल्या एका खोलीत साधा टेलिफोन समोर घेऊन बसले. दरीत जुना सेट घेतलेला जवान, सोनाळ्याच्या रस्त्यावर नव्या सेटची जीप, तंबूत मी. दोन्ही हात बटणांवर ठेवावे लागायचे, म्हणून मी डोक्यावरच्या मायक्रोफोनला अशी सोय लावून ठेवली होती की मी बोलले की वाट आपोआप उघडायची. अकराला सुरुवात होती. दहा मिनिटं आधीच मी तिघांना एकमेकांशी जोडून ठेवलं आणि वाट बघत बसले.

तेवढ्यात चाचा आत आले. खूश होते.

"रोटावेटरच्या ट्रॅक्टरवाल्याले वापस धाडलं बेटा. लोकं पऱ्हाटी मोडून हरभरा पेरून राह्यले. त्याले म्हटलं, जा बे, माह्या वावरात तुह्यं काम नाई. गेला तो पुढच्या गावाले. आता दहा-बारा दिवस तिकडंच पाळ्या हायेत त्याच्या."

दहा-बारा दिवसांनी हरभऱ्याची पेरणी साधणार नव्हती. बोंडं किडकी असतील तर चाचांची कपाशीही जाणार होती आणि हरभराही.  पुस्तकातलं मराठी कुठे गेलं, मला कळलं नाही.

"चाचा, थांबा. मले माफ करा. हा फुगा पाखरं नाई ओढत. सापळ्यातले रबर आमच्या माणसानं काढले होते, या पेटीखाली ठेवले होते, म्हून तुमचे सापळे रिकामे रायले. गुलाबी अळी तुमच्या वावरात हाये का नाई, कोणालेच माईत नाई. मले हे दोन दिवसापासून माईत होतं. बोंडं फोडून पाहा चाचा. आत्ताच पाहा."

चाचांच्या आधी बोललं ते माझ्या कानातलं यंत्र.

"ये गुलाबी कौन है?" कर्नलसाहेब विचारत होते.

 मागून जोशी सरांचा बारीक आवाज आला, "सर, वो... थोडा स्थानिक विषय है." मी बटणाकडे हात नेला, इतक्यात तिसराच आवाज आला.

"कपास का कीड़ा है साहब." दरीतला जवान बोलत होता. "हमारे घर भी कपास होती है, पंजाब में. चाचाजी को बोलो, हरे टिंडे तोड़ के देखें. बाहर से कुछ पता नहीं लगता."

मी स्पीकर लावला. चाचा दचकले.

"कहाँ से बोल रहे बेटा?"

"पहाड़ के पीछे से, चाचाजी."

चाचांनी तंबूच्या दारातून डोंगराकडे पाहिलं, मग वर भोपळ्याकडे, मग माझ्याकडे. "सगळा डोंगर मंधात हाये! म्हंजे हे काम हाये याचं? मंग हे सरळ सांगता येत नवतं का बे तुमाले?"

मला खरोखरच आलं नव्हतं.

चाची दारातच होत्या. त्यांनी पदरातून हिरव्या बोंडांचा ढीग टेबलावर, माझ्या बटणांच्या शेजारी ओतला. "मी सकाळीच तोडून आणले. एकटीनं फोडले असते त म्हणले असते, बायकोनं निवडून किडके आणले."

चाचांनी एक बोंड उचललं आणि हातात नुसतंच धरून राहिले.  मग त्यांनी ते दगडावर ठेचलं. चांगलं निघालं. दुसरं फोडलं. आत सरकी पोखरून एक गुलाबी अळी बसलेली. तिसरं, चौथं. चाची एकेक सांगत होत्या, "किडकं. किडकं. चांगलं. किडकं."

"आधे से ज्यादा खराब है, बेटा," चाचा शेवटी म्हणाले.

"फिर मत रखना चाचाजी," जवान म्हणाला.  "मेरे बापू ने रखी थी."

चाचींनी तोवर रोटाव्हेटरवाल्याला तीनदा फोन लावला होता. "ट्रॅक्टरच्या आवाजात त्या मुडद्याले काई ऐकूच येत नाई."

मला वाटलं, आता साहेब ओरडणार. साहेबांनी विचारलं, "ट्रैक्टर किस तरफ गया?"

जीपमधून उत्तर आलं, "सर, एक ट्रैक्टर अभी सामने से आ रहा है. पीछे मशीन लगी है."

"रोको."

जीप रस्त्यात आडवी झाली. ट्रॅक्टरवाल्याने पुढे फौज बघून दोन्ही हात वर केले आणि स्पीकरवर त्याचा रडवेला आवाज आम्हाला ऐकू आला, "साहेब, कागदं घरी हायेत! खरंच घरी हायेत!" जीपमधल्या जवानाने त्याच्या हातात सेट दिला. चाचा माझ्या मायक्रोफोनवर जवळजवळ आडवे झाले.

"मी बोलून राह्यलो बे, रहीम! वापस ये!"

सेटमधून आधी नुसती ट्रॅक्टरची धडधड आली. मग, "चाचा, तुमी फौजेत कवा गेले?"

टेलिफोनवर कर्नलसाहेब मोठ्याने हसले. ते हसणं डोंगरापलीकडे दरीत स्पष्ट पोचलं, कारण दरीतला जवानही हसला आणि ते आम्हाला ऐकू आलं. आमची यंत्रणा चालते हे सिद्ध करायला आणखी काही उरलं नव्हतं. जोशी सरांनी अहवालात "दरी, रस्ता आणि गाव यांच्यात अखंड संभाषण, विषय: शेती" असं लिहिलं, आणि पतंगांची नोंद पट्टी लावून सरळ रेघेने खोडली. मला ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "त्या मायक्रोफोनची सोय पुढच्या वेळी बंद ठेव." आणि जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "मी तुला आधीच सांगू द्यायला हवं होतं."

त्या दुपारी फुटलेली बोंडं वेचायला चाचांच्या घरचे सगळे आले. वामनभाऊही वाकून वेचत होते. सगळ्यांच्या पुढे. वेचून झालेल्या ओळींत मागून रोटाव्हेटर फिरत होता. हिरवी पऱ्हाटी त्याच्याखाली जाताना ओल्या सरपणासारखी कडकड वाजायची. चाचा बांधावर बसले होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले. बसायचा धीर झाला नाही.

"दोन दिवस तुले माईत होतं?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"हाव चाचा."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

साहेब, प्रात्यक्षिक, नोकरी, सगळी कारणं माझ्या तोंडाशी आली. पण खरं कारण एकच होतं.

"भेली मी."

रोटाव्हेटर टोकाला जाऊन वळला आणि परत आला. चाचांनी पायाजवळचं एक हिरवं बोंड उचललं, न फोडताच बोटांत फिरवलं आणि मातीत टाकलं.

"चाची तुही रोज म्हणे, फोडा म्हणून. बोंडं माह्या हाताशी होते, दगड पायाशी होता." त्यांनी आता माझ्याकडे पाहिलं. "मी बी भेलोच ना, बेटा." मी त्यांच्या शेजारी बसले.

ओळीतून चाचींचा आवाज आला. "दोघं बी भेले ना? मंग आता उठा, अन् कापूस वेचा."

आम्ही उठलो.